लाइन येते, सर्व्हर सुरू होतो, पण बाहेरचे मित्र आत येत नाहीत: घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरचं समस्या निवारण

संध्याकाळी नागपुरात वादळ आलं, लाइन म्हणजे वीज गेली, वीस मिनिटांनी परत आली. पीसी चालू केला, सर्व्हरच्या काळ्या विंडोत ‘डन’ची ओळ उमटली आणि घरातल्या लॅपटॉपवरून जग उघडलं. पण मनीषनगरचा मित्र, कामठीची मावसबहीण आणि पुण्याला शिकायला गेलेला गडी, तिघांनाही ‘कनेक्शन टाइम्ड आऊट’. काल रात्री हेच तिघे आत होते आणि सेटिंगला कोणी हात लावलेला नाही.

यावर सहसा राऊटर रिसेट होतो, फायरवॉल बंद केली जाते, जावा (सर्व्हर ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकली जाते. तासाभरात काहीतरी जुळून येतं, पण कशामुळे जुळलं ते कळत नाही. पुढच्या वेळी लाइन गेली की पुन्हा पाढे पंचावन्न.

सेटिंग तीच असली तरी लाइन गेल्यावर पत्ते (आयपी, म्हणजे नेटवर्कवर यंत्राची ओळख सांगणारे आकडे) बदलतात. घराच्या आत पीसीला राऊटरने दिलेला पत्ता बदलू शकतो. घराबाहेर राऊटरला इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता बदलतो, कारण राऊटर नव्याने डायल करतो आणि साठ्यातला जो मोकळा असेल तो त्याला मिळतो. शिवाय तो बाहेरचा पत्ता मुळात तुमच्या एकट्याचा आहे का, हा वेगळाच प्रश्न. या तिन्ही गोष्टी एकदाच पक्क्या केल्या की दुखणं जातं. त्या आतून बाहेर, याच क्रमाने तपासायच्या. उलट्या क्रमाने गेलात तर घरातली चूक कंपनीच्या माथी मारून बसाल.

इथली उदाहरणं माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीची आहेत, तिचं पोर्ट (पीसीत डेटा आत येण्याचं क्रमांकाचं दार) २५५६५, टीसीपी. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती. बेडरॉक असेल तर १९१३२ यूडीपी, टेरारिया ७७७७ टीसीपी, व्हॅलहाइम २४५६ आणि २४५७ यूडीपी, पॅलवर्ल्ड ८२११ यूडीपी. बाकी तर्क सगळ्यांना सारखाच. पत्ते, आज्ञा आणि फाइलींची नावं पीसीवर इंग्रजी अक्षरांत व आकड्यांतच टाइप करायची.

मित्राला दिसणारा निरोप नीट वाचा

‘अननोन होस्ट’ म्हणजे दिलेल्या नावावरून पत्ताच सापडला नाही. दोष नावात किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पत्त्यावर कोणीतरी उत्तर दिलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. ‘टाइम्ड आऊट’ म्हणजे उत्तरच नाही: चुकीचा पत्ता, फायरवॉल किंवा वाटेत अडलेलं डेटाचं पाकीट (पॅकेट). यात एक फसवी गोष्ट आहे. विंडोजची फायरवॉल चालू असेल तर बंद पोर्टवरून ती नकारही पाठवत नाही, गप्प बसते. त्यामुळे सर्व्हर बंद पडलेला असतानाही मित्राला ‘टाइम्ड आऊट’च दिसू शकतं. म्हणून सर्व्हर खरंच ऐकतोय का, हे सगळ्यात आधी.

सर्व्हरच्याच पीसीवर गेम उघडा आणि पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ टाका. आत जाता आलं किंवा नाही आलं, तरी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ‘-एएनओ’ जोडून चालवा आणि २५५६५ असलेली ओळ शोधा. तिथे ०.०.०.०:२५५६५ आणि पुढे ‘लिसनिंग’ असं दिसलं तर सर्व्हर सगळ्या बाजूंनी ऐकतोय. त्या जागी एखादा ठरावीक पत्ता, समजा १९२.१६८.१.७, दिसला तर चोर सापडलाच म्हणा. ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ फाइलमधल्या ‘सर्व्हर-आयपी’ या ओळीत कोणीतरी तो पत्ता भरून ठेवलाय. आज पीसीचा पत्ता तोच आहे म्हणून चालतंय. उद्या तो बदलला की सर्व्हर ‘फेल्ड टू बाइंड टू पोर्ट’ म्हणून सुरूच होणार नाही. ती ओळ बरोबरच्या चिन्हापुढे रिकामी ठेवायची. हा बदल सर्व्हर बंद असताना करा.

‘फेल्ड टू बाइंड’ या निरोपाचं दुसरं कारण म्हणजे आधीचा सर्व्हर मागे चालूच असणं. टास्क मॅनेजरमध्ये जुनी जावा प्रक्रिया सापडेल.

घरातला पत्ता पक्का करणं

‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून चालवा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: आयपीव्ही फोर पत्ता, डीफॉल्ट गेटवे आणि फिजिकल ॲड्रेस, म्हणजेच मॅक पत्ता. गेटवे हा राऊटर. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की राऊटरचं पान उघडतं. तिथल्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेलं पाकीट घरातल्या कोणत्या पत्त्याकडे द्यायचं त्या सूचनेच्या) नोंदीत जो आतला पत्ता आहे तो आजच्या पत्त्याशी जुळतो का? लाइन गेल्यानंतरच्या तक्रारींत इथेच फरक निघण्याची शक्यता मोठी. बरेच घरगुती राऊटर पत्तेवाटपाची यादी तात्पुरत्या मेमरीत ठेवतात आणि वीज गेली की ती पुसली जाते. घरातले मोबाइल बॅटरीवर जागेच असतात. राऊटर उठला की ते आधी रांगेत उभे राहतात आणि पीसी मागून येतो. काल .७ वर पीसी होता, आज तिथे बाबांचा मोबाइल. राऊटर इमानेइतबारे सगळी पाकिटं मोबाइलकडे पाठवत राहतो.

उपाय राऊटरवरच करायचा. डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ अशी सोय असते. तिथे मॅक पत्ता आणि त्यासमोर १९२.१६८.१.५० सारखा पत्ता द्या. तुमचा गेटवे १९२.१६८.०.१ असेल तर अर्थात १९२.१६८.०.५०. मग पोर्ट फॉरवर्डिंग याच पत्त्याकडे: बाहेरचं पोर्ट २५५६५, आतलं २५५६५, टीसीपी. पीसीवरच हाताने पत्ता भरण्यापेक्षा हे बरं, कारण राऊटरला तो पत्ता राखीव आहे हे माहीत असतं आणि तो दुसऱ्याला देत नाही.

वायफायचा मॅक वेगळा आणि केबलचा वेगळा. वायफायवर रिझर्व्हेशन करून नंतर केबल लावलीत तर ते लागू होत नाही. सर्व्हर केबलवरच ठेवा. वायफायवरच ठेवावा लागत असेल तर विंडोजच्या वायफाय सेटिंगमधलं ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ बंद करा, नाहीतर मॅक पत्ताच बदलत राहील.

राऊटरमधली डीएमझेड (एका पीसीची सगळी पोर्टं बाहेर उघडणारी) सोय चालू करू नका. त्याने पोर्ट उघडतं हे खरं, पण एकट्या २५५६५ ऐवजी अख्खा पीसी उघड्यावर येतो.

फायरवॉल: परवानगी प्रोग्रॅमला नको, पोर्टला द्या

सर्व्हर पहिल्यांदा चालवताना विंडोज विचारतं, परवानगी देऊ का? आपण ‘अलाऊ’ म्हणतो. ती परवानगी एका ठरावीक फोल्डरमधल्या जावाला मिळते. जावा अपडेट झाली की फोल्डरचं नाव बदलतं आणि परवानगी जुन्या फोल्डरपाशीच राहते. घाईत ‘कॅन्सल’ दाबलं असेल तर आणखी वाईट: विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी ‘ब्लॉक’चा नियम तयार करून ठेवतं, आणि ब्लॉकचा नियम अलाऊच्या नियमावर मात करतो. मग तुम्ही परवानगीचे दहा नियम जोडले तरी फरक पडत नाही.

‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडा आणि ‘इनबाउंड रूल्स’मध्ये जा. जावाच्या नावाचे, लाल गोल चिन्ह असलेले नियम पुसा. मग ‘न्यू रूल’, ‘पोर्ट’, ‘टीसीपी’, २५५६५, ‘अलाऊ’, आणि ‘डोमेन’, ‘प्रायव्हेट’, ‘पब्लिक’ या तिन्ही प्रोफाइलवर खूण. तिन्हींवर यासाठी की राऊटर बदलला की विंडोज ते नवं नेटवर्क समजतं आणि त्याला ‘पब्लिक’ ठरवू शकतं. फक्त ‘प्रायव्हेट’साठी दिलेला नियम तिथे कामाला येत नाही.

आता घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून १९२.१६८.१.५० टाकून आत जाता आलं पाहिजे. जमलं तर घर ठीक आहे. जमलं नाही तर पुढे जाऊ नका, दोष अजून घरातच आहे.

बाहेरचा पत्ता खरंच तुमचा आहे का

राऊटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, लिहिलेला असतो. तो टिपून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं शोधून इंटरनेटला दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील तर पुढच्या टप्प्यावर चला.

वेगळे असतील तर वॅनचे पहिले आकडे बघा. १९२.१६८ असेल तर बहुधा घरातच दोन राऊटर आहेत: कंपनीचं फायबरचं डबडं राऊटरचं काम करतंय आणि त्याच्यामागे तुमचा राऊटरही तेच करतोय. तुमचा राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर (नुसतं वायफाय देण्यापुरता) टाका किंवा कंपनीकडून त्यांचं डबडं ‘ब्रिज’ (राऊटरचं काम बंद) करून घ्या. ॲक्सेस पॉइंट केलंत तर रिझर्व्हेशन आणि फॉरवर्डिंग कंपनीच्या डबड्यावर नव्याने करावं लागतं, हे विसरू नका.

वॅन १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटखाली आहात, म्हणजे कंपनीने अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवली आहेत. ही ४१,९४,३०४ पत्त्यांची पट्टी २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. काही कंपन्या त्यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडचा आयपीव्ही फोरचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या टप्प्यावर आला. त्यामुळे अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो. अपार्टमेंटच्या फाटकावर एकच पाटी असावी आणि आतल्या फ्लॅटना नंबरच नसावेत, तसं हे. तुम्ही बाहेर पत्र पाठवलं तर उत्तर बरोबर येतं, पण बाहेरून कोणी आपणहून आलं तर फाटकावरच अडतं. तुमच्या राऊटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक असलं तरी पाकीट तुमच्या राऊटरपर्यंत पोहोचतच नाही. इथे सेटिंगशी झटापट थांबवा. चार मार्ग आहेत.

कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्यायचा. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण सर्व्हर वर्षभर चालवायचा असेल तर आमचं मत यालाच. मागताना ‘पब्लिक स्टॅटिक आयपीव्ही फोर’ असं स्पष्ट म्हणा, आणि मिळाल्यावर वॅनचा आकडा स्वतः तपासा.

दुसरा मार्ग टेलस्केल किंवा झिरोटियर. प्रत्येक मित्राच्या पीसीवर ते टाकायचं, मग सगळे जणू एकाच घरातल्या नेटवर्कवर येतात. चार-पाच ओळखीच्यांसाठी उत्तम, आणि पोर्ट जगाला उघडावं लागत नाही. टेलस्केलचे पत्तेही १००.६४ च्याच पट्ट्यातले असतात, ते पाहून गोंधळू नका.

तिसरा मार्ग प्लेइटसारखा बोगदा. फक्त सर्व्हरच्या पीसीवर एक छोटा प्रोग्रॅम चालतो आणि मित्रांना एक तयार पत्ता मिळतो. पाकीट बोगद्याच्या टोकावरून फिरून येतं म्हणून पिंग (जाऊन-येण्याचा वेळ) वाढतो. किती वाढतो ते टोक कुठे आहे त्यावर.

चौथा मार्ग भाड्याचा सर्व्हर. मुंबई किंवा हैदराबादचं डेटा सेंटर घ्या. अंतराची काळजी नको, फायबरमधून प्रकाशाला १,००० किलोमीटर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद लागतात. नकाशावर हैदराबाद नागपूरला जवळ आहे, पण तुमच्या कंपनीची लाइन मुंबईमार्गे फिरत असेल तर मुंबईच जलद पडेल. दोन्हीकडे ‘ट्रेसर्ट’ (पाकिटाची वाट दाखवणारी आज्ञा) चालवून मगच पैसे भरा.

आयपीव्ही सिक्सवर, म्हणजे पत्त्यांच्या नव्या, लांबलचक प्रकारावर, सीजीनॅटची अडचण नसते. पण राऊटरच्या आयपीव्ही सिक्स फायरवॉलमध्ये वेगळी वाट उघडावी लागते आणि प्रत्येक मित्राच्या जोडणीवरही ते असावं लागतं. सगळ्यांकडे असेलच असं धरून चालू नका.

सीजीनॅट नसेल, पण वॅन पत्ता दर डायलला बदलत असेल, तर डक डीएनएससारखी मोफत डायनॅमिक डीएनएस सेवा पुरते. मित्रांना आकड्यांऐवजी नाव द्यायचं. पत्ता कळवणारा छोटा प्रोग्रॅम पीसीवर दर पाच मिनिटांनी चालवा, किंवा राऊटरमध्येच ती सोय असेल तर तिथे भरा. सीजीनॅटखाली याचा काही उपयोग नाही, तिथे हे नाव सगळ्यांच्या सामाईक फाटकाकडे बोट दाखवतं.

बाहेरून चाचणी घेताना मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा. घरच्याच वायफायवरून स्वतःचा सार्वजनिक पत्ता टाकला तर बऱ्याच राऊटरना ते पाकीट वळवून आत आणता येत नाही. मित्र मजेत खेळत असतात आणि तुम्हाला मात्र ‘टाइम्ड आऊट’ दिसतं. पोर्ट तपासणाऱ्या साइट टीसीपीपुरत्याच भरवशाच्या, आणि त्याही सर्व्हर चालू असतानाच. व्हॅलहाइम, पॅलवर्ल्डच्या यूडीपी पोर्टवर त्यांचा निकाल धरू नका.

पोर्ट जगाला उघडलं की ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’मधले ‘व्हाइट-लिस्ट’ (ठरावीक नावांनाच प्रवेश) आणि ‘ऑनलाइन-मोड’ (खातं खरं आहे का याची तपासणी) दोन्ही ‘ट्रू’ ठेवा. ऑनलाइन-मोड ‘फॉल्स’ असेल तर कोणीही तुमच्या ॲडमिनचं नाव लावून आत येऊ शकतं.

लाइन आली की सर्व्हर आपोआप उठला पाहिजे

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या सेटिंगमध्ये) ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा त्या अर्थाची सेटिंग ‘पॉवर ऑन’वर ठेवा. विंडोजमध्ये ‘स्लीप’ला ‘नेव्हर’. मग सर्व्हर आपोआप सुरू करायला विंडोजचा टास्क शेड्युलर, ज्यात चार जागा दगा देतात.

‘जनरल’ पानावर ‘रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’ निवडा. तो खात्याचा पासवर्ड मागतो, चार आकडी पिन चालत नाही. ‘ॲक्शन्स’मध्ये ‘स्टार्ट इन’ची चौकट ‘ऑप्शनल’ म्हणते, पण इथे ती भरायलाच हवी, सर्व्हरच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग, अवतरणचिन्हांशिवाय. रिकामी सोडली तर जावा विंडोजच्या ‘सिस्टम ३२’ फोल्डरमध्ये उभी राहते. तिथे तिला तुमची परवान्याची ‘यूला’ फाइल सापडत नाही, म्हणून ती नवी तयार करते आणि सर्व्हर बंद होतो.

‘कंडिशन्स’मध्ये ‘स्टार्ट द टास्क ओन्ली इफ द कॉम्प्युटर इज ऑन एसी पॉवर’ आणि तिच्याखालची ‘स्टॉप इफ द कॉम्प्युटर स्विचेस टू बॅटरी पॉवर’ या खुणा मुळातच असतात. सर्व्हर लॅपटॉपवर असेल तर लाइन गेली की काम थांबतं. दोन्ही खुणा काढा, आधी खालची. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टॉप द टास्क इफ इट रन्स लाँगर दॅन’ समोर तीन दिवस भरलेले असतात, तीही काढा. ‘सर्व्हर दर तीन दिवसांनी मरतो, लॉगमध्ये काहीच नाही’ या तक्रारीचं उत्तर ही एक खूण आहे. लोक यासाठी रॅम बदलतात, पैसे घालवतात, म्हणून हे ठळकपणे सांगावंसं वाटतं.

अशा प्रकारे चालवलेल्या सर्व्हरची काळी विंडो दिसत नाही. आज्ञा देण्यासाठी ‘आरकॉन’ (दुरून आज्ञा देण्याची सर्व्हरची सोय) चालू करा, पोर्ट २५५७५. ते राऊटरवर फॉरवर्ड कधीच करायचं नाही.

वीज जाताना होणारं नुकसान

इन्व्हर्टर आहे, तरी पीसी झटका खाऊन पुन्हा सुरू होतो? इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असा खटका असतो. पंख्या-दिव्यांसाठी तो नॉर्मलवर ठेवतात, कारण त्यात कमी-जास्त व्होल्टेज चालून जातं. पण नॉर्मलमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, आणि पीसीचा पॉवर सप्लाय वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. खटका यूपीएसवर करा किंवा पीसीला वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस द्या. १०० वॉट ओढणाऱ्या पीसीला तो नवा असताना दहा-पंधरा मिनिटं पुरतो. सर्व्हर नीट ‘स्टॉप’ करायला तेवढं भरपूर. फायबरचं डबडं आणि राऊटरही बॅटरीवर घ्या. त्यांच्यासाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, फक्त ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. राऊटर बंदच पडला नाही तर त्याने पत्ता बदलण्याचं कारणही राहत नाही.

जग सेव्ह होत असताना वीज गेली आणि नंतर ‘लेव्हल डॉट डॅट’ वाचता येत नाही असं दिसलं, तर घाबरून नवं जग सुरू करू नका. आधी जगाच्या फोल्डरची प्रत काढा. त्यात ‘लेव्हल डॉट डॅट ओल्ड’ ही आधीची प्रत असते, तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी ठेवा. रोजची बॅकअप घेताना क्रम असा: ‘सेव्ह-ऑफ’, ‘सेव्ह-ऑल फ्लश’, फोल्डरची नक्कल, ‘सेव्ह-ऑन’. शेवटची आज्ञा विसरलात तर त्यानंतरचं बांधकाम आपोआप सेव्ह होणार नाही.

मे महिन्याचं वेगळं दुखणं

सगळे आत येतात, पण दुपारी दोन ते पाच गेम अडखळतो, डुकरं जागच्या जागी थरथरतात, फोडलेला दगड परत उगवतो, आणि लॉगमध्ये ‘कान्ट कीप अप’. रात्री अकराला हाच सर्व्हर लोण्यासारखा चालतो. दोष नेटवर्कचा नाही. सर्व्हरला सेकंदाला २० टिक (गेमचा हिशोब पुढे नेणारे ठोके) मारायचे असतात, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद खोली ४० अंशांवर गेली की प्रोसेसरचं तापमानही तितकंच वाढतं, आणि ९५–१०० अंशांच्या आसपास तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. १.२०.३ पासून पुढच्या आवृत्तीत ‘टिक क्वेरी’ ही आज्ञा सरासरी सांगते. दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा चालवून आकडे ताडून पाहा.

कॅबिनेट उघडून धूळ काढा, प्रोसेसरची सुकलेली पेस्ट बदला, कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कूलरच्या खोलीत पीसी चालतो, पण कूलरच्या थेट झोतात नको. हवेबरोबर उडणारे पाण्याचे थेंब बोर्डावर सुकतात आणि क्षारांचे पांढरे डाग सोडतात. ‘व्ह्यू-डिस्टन्स’ १० वरून ६ करा: प्रत्येक खेळाडूभोवतीचे चंक (जगाचे चौकोनी तुकडे) ४४१ वरून १६९ वर येतात. ‘सिम्युलेशन-डिस्टन्स’ही ६. रॅम ८ जीबी असेल तर जावाला ४ जीबी द्या, सगळी देऊ नका. विंडोजला जागा उरली नाही की ते डिस्कवर ओझं टाकतं आणि गेम आणखी अडखळतो.

सगळं झालं की चाचणी स्वतःच घ्या, वादळाची वाट पाहू नका. मित्रांना बाहेर पडायला सांगा, सर्व्हर ‘स्टॉप’ करा, पीसी शट डाउन करा, मग पीसी, राऊटर आणि फायबरचं डबडं तिन्हींची वीज मुख्य बटणावरून तोडा. यूपीएस असेल तर तोही बंद. दहा मिनिटांनी वीज द्या आणि कशालाही हात लावू नका. पाच मिनिटं राऊटरला डायल करायला, पाच मिनिटं डायनॅमिक डीएनएसला नवा पत्ता कळवायला. मग मोबाइल हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपवरून, आकडे न टाकता नावानेच जोडून बघा. आत गेलात तर राऊटरचं पान पुन्हा उघडा आणि पीसी .५० वरच आहे ना तेवढं पाहून घ्या.